कुठले काळे?

दोघांची नावं छापायची नाहीत, असं आधीच ठरलं होतं. एक जण जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेतून निवृत्त झालेले पोलीस निरीक्षक. दुसऱ्या त्याच जिल्ह्यात तालुका कोर्टात वकिली करणाऱ्या, फासेपारधी वस्तीवर वाढलेल्या बाई. एका खटल्यात बाईंनी त्यांची उलटतपासणी घेतली. ती ते विसरलेले नाहीत, पण दोघांचं बोलणंही तेव्हापासूनच सुरू झालं. इथं मी त्यांना 'साहेब' आणि 'ताई' म्हणतो, कारण ते एकमेकांना तशीच हाक मारतात. प्रश्न माझा होता : अमेरिकेत काळ्या माणसांशी पोलीस जे वागतात त्याला आपण बेधडक वंशवाद म्हणतो. मग आपल्याकडे पारध्यांच्या वाट्याला जे येतं, ते वेगळं काय आहे?

साहेब : वेगळंच आहे. तिकडं रंग दिसतो. माणूस काळा आहे हे गाडीच्या काचेतूनच कळतं. आमचा एखादा शिपाई आणि पारध्याचा पोरगा शेजारी शेजारी उभा करा आणि कोण कुठला ते ओळखून दाखवा. नाही ओळखता येणार. मग वंशवाद कसला?

ताई : ओळखता येत नाही म्हणून विचारून घेतात ना, साहेब! सनद मिळाल्यावर पहिल्यांदा वकीलपत्र घेऊन ठाण्यात गेले. जमादारांनी नाव विचारलं. म्हटलं, काळे. 'बसा मॅडम.' चहा सांगितला. मग म्हणाले, 'कुठले काळे?' मी गाव सांगितलं. 'तसं नाही हो, कुठले?' काळे ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत, आमच्यातही आहेत. भोसले, पवार, चव्हाण, शिंदे, सगळी आडनावं आमच्याकडं आहेत. मग सांगितलं मी कुठली ते. चहा आला, नाही असं नाही. पण माझं वकीलपत्र त्यांनी दोनदा उलटून पाहिलं आणि सनदेचा नंबर वहीत उतरवून घेतला. (आडनाव छापा खुशाल, असं ताईंनी मला नंतर सांगितलं. जिल्ह्यात काळे काही कमी नाहीत.)

साहेब : जमादारांचा स्वभाव असेल. सरकारची भूमिका तरी अशीच आहे की जात म्हणजे वंश नव्हे.

ताई : हो, २००१ साली डरबनला वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली तेव्हा आपल्या सरकारनं हेच सांगितलं. पण माझ्या आजोबांवर जो कायदा लागला तो कशाचा होता? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. आधी उत्तरेत, मग १९११ च्या कायद्यानं आपल्याकडंही. माणसानं काही करायची गरज नव्हती, जमातीत जन्मला की झालं. बोटांचे ठसे, नोंद, हजेरी. परगावी जायचं तर दाखला. आजोबा रात्री चावडीत झोपायला जायचे, कारण पाटलाच्या डोळ्यांसमोर असले की त्या रात्रीची चोरी त्यांच्या नावावर पडायची नाही. ते स्वतःहून जायचे, साहेब. सोय म्हणून.

याला वंशवाद म्हणायचं की नाही, हा वाद तिथंच सुटला. दोघांनाही त्यात फार रस नव्हता.

साहेब : तो इंग्रजांचा कायदा. मुंबई प्रांतात १९४९ सालीच रद्द झाला, देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. विमुक्त दिनाच्या मिरवणुकीला आम्हीच बंदोबस्त देतो की.

ताई : कायदा गेला, वही राहिली. १९५९ ला सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्याच्याही आधी, १९५१ च्या पोलीस कायद्यात कलम १२२ आहेच. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत सापडला तर उचला. ज्याचं घर म्हणजे माळावरचं पाल, तो रात्री दुसरीकडं कुठं सापडणार?

साहेब : १२२ सगळ्यांना लागू आहे, ताई. त्यात जात लिहिलेली नाही.

ताई : तुमच्या अख्ख्या नोकरीत १२२ मध्ये एखादा डॉक्टर आणलात का?

साहेब : (हसून) सापडला होता एक. रात्री दोन वाजता, बाजारपेठेत, फुल्ल टाइट. घरी सोडून आलो.

साहेबांचा हा गुण मला आवडतो. उत्तर आपल्याविरुद्ध जातंय हे कळूनही ते देतात. पण त्यांची बाजू एवढ्यावर संपत नाही, आणि पुढं त्यांनी जे सांगितलं ते बाजूला सारण्यासारखं नव्हतं.

साहेब : तुम्ही कोर्टात मला भेटता, ताई. मी पहाटे चारला वस्तीवर जातो. मळ्यातलं घर. शेजारच्या घरांना बाहेरून कड्या घातलेल्या, म्हणजे आरडाओरडा ऐकून कुणी येऊ नये. म्हातारा डोक्यात दगड लागून पडलेला. म्हातारीच्या कानातली फुलं ओढून नेलेली, पाळी फाटून दोन तुकडे झालेले. ती कान हातात धरून बसली होती आणि मला म्हणत होती, 'फुलं आईची होती.' त्या वेळी मी १८७१ आठवत बसू? मला चोरीची पद्धत दिसते. बाहेरून कडी, दगड, कान. अशी पद्धत कुणाची, हे वीस वर्षांत कळतं माणसाला. त्यात द्वेष नाही, अनुभव आहे.

ताई : म्हातारीचं दुःख मला कळत नाही असं नाही. आमच्यात चोऱ्या करणारे नाहीत असंही मी कधी म्हणणार नाही. फासे टाकून तितर, लावे धरायचा धंदा होता, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा झाला. जमीन नाही, गावात कुणी टेकू देत नाही, कागद करायला गेलं की रहिवासाचा पुरावा मागतात. त्यातून काही जण वाईट मार्गाला लागले. पण अनुभव म्हणता तो कसा तयार झाला? प्रत्येक दरोड्यानंतर तुम्ही वस्तीवरच आलात. जो सापडला तो वस्तीवरचाच सापडला. जिथं गेलातच नाही, तिथला कोण सापडणार? आणि सापडला म्हणजे तरी काय? त्याचं पुढं काय झालं ते तुमच्या अनुभवात धरता का?

साहेब : म्हणजे?

ताई : सुटला ना तो. त्या म्हातारीच्या केसमध्येच सुटला. उलटतपासणीत मीच होते.

इथून बोलणं लगडीवर गेलं. बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं. पण आरोपीनं सांगितलेल्या ठिकाणी काही वस्तू मिळाली, तर तेवढी माहिती चालते. ते कलम २७. नव्या साक्ष्य अधिनियमात दोन्ही २३ खाली आली आहेत. म्हणून कोठडीतला सगळा मार त्या वस्तूसाठी असतो. माणूस बोलून उपयोग नाही, त्यानं काहीतरी काढून दिलं पाहिजे. ठाण्याच्या भाषेत त्याला रिकव्हरी म्हणतात.

ताई : फिर्यादीत लिहिलं होतं, कानातली फुलं, मोत्याची, एकाच्या मोत्याचा टवका गेलेला. कोर्टात काय आलं? सोन्याची लगड. आरोपीनं एका सोनाराला विकली, सोनारानं वितळवली, ती ही. मी म्हातारीला विचारलं, आजी, ही तुमची का? ती लगडीकडं बघत राहिली. लगड कशी ओळखायची, साहेब? तिच्यावर ना मोती, ना टवका. आणि सोनार तर कोर्टात उलटला. म्हणाला, पोलिसांनी वजन सांगितलं, तेवढं सोनं मी दिलं.

साहेब : सोनार उलटतातच.

ताई : उलटला की खरं बोलला?

साहेब बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो.

साहेब : महिन्याला क्राइम मीटिंग असते. एसपी एकेक ठाणं उभं करतात. दाखल किती, उघड किती. गुन्हा उघड कधी धरतात? अटक झाली, मुद्देमाल आला की. शिक्षा लागली का, हे त्या मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही. ते चार-पाच वर्षांनी होणार, तोवर पीआय बदललेला. इकडं गाव रस्त्यावर आलेलं, आमदाराचे फोन, पेपरात बातमी. ठाण्यात निम्मी माणसं बंदोबस्तावर. अशा वेळी बीट अंमलदाराच्या डायरीत जी नावं असतात तिथं जातो माणूस. पुढाऱ्याच्या पोराला उचललं तर अर्ध्या तासात शंभर माणसं ठाण्यावर येतात. पारध्याला उचललं तर...

ताई : तर वस्तीतल्या बाया रात्रीच पोरं घेऊन ऊसात जाऊन बसतात.

साहेब : हं.

मला वाटतं, सगळ्या बोलण्यातला कळीचा भाग हा होता, आणि तो ताईंनी नाही, साहेबांनी सांगितला. अत्याचार म्हटलं की आपण क्रूर पोलीस शोधतो. तसे असतातही. पण इथं एक साधं कोष्टक आहे : आरोपी हवा, लवकर हवा, आणि तो असा हवा की त्याच्यामागं कुणी येणार नाही. ते कोष्टक भरायला बसलेल्या माणसाच्या मनात द्वेष नसला तरी काम अडत नाही.

साहेब : पण ताई, वस्ती कोण पेटवतं? मी नाही. सरपंच आणि पोरं पेटवतात. गायरानातून हुसकावतं कोण? शाळेत पोरांना बसू देत नाही कोण? १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे म्हणून ठेचून मारले, ते ग्रामपंचायतीच्या खोलीत. ती गावची माणसं होती. मी स्वतः दोन वेळा पारध्याची पोरं जमावाच्या हातून काढून गाडीत घातलीत. माझं डोकं फुटलंय त्यात. लोक आम्हाला म्हणतात, 'आमच्या ताब्यात द्या.' मग समाजानं हात झटकायचे आणि सगळं खाकीवर ढकलायचं?

ताई : ते खरं आहे. बागायतदार ऊसाच्या राखणीला पारधीच ठेवतात, कारण पारधी राखणीला असला की दुसरा चोर फिरकत नाही. आणि मोटार चोरीला गेली की पहिला फोन ठाण्यात, नाव राखणदाराचं. मी गावाला सोडत नाहीये. पण गावाच्या हातात काठी असते, तुमच्या हातात कायदा असतो. गावानं मारलं तर मी तुमच्याकडं तक्रार घेऊन येते. तुम्ही मारलं तर कुणाकडं जाऊ? फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, अ‍ॅट्रॉसिटी लागते. तपास कुणाकडं? डीवायएसपींकडं. म्हणजे तुमचेच साहेब.

साहेब : कोर्ट आहे.

ताई : कोर्टाचंही सांगते. नाशिक, जून २००३. पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाले. वाचलेल्या बाईनं दोन दिवसांत पोलिसांच्या अल्बममधून चार जणांचे फोटो दाखवले. त्या चौघांवर खटलाच चालला नाही. उभे केले भटक्या जमातीतले दुसरेच सहा मजूर. २००६ ला सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेप केली. २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहांना फाशी. पुढं कळलं की त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही निर्दोष सोडले. निकालात लिहिलं, हे भटक्या जमातीतले गरीब मजूर, त्यांना खोटं गोवलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई. सोळा वर्षं, साहेब.

साहेब : फाशी पोलिसांनी दिली नव्हती, ताई. तीन कोर्टांनी दिली. तो फोटोंचा कागद दडवलेला नव्हता, रेकॉर्डवर होता. तुमच्यासारखे वकील होते, न्यायाधीश होते. एकानंही तो नीट वाचला नाही?

ताई : नाही वाचला.

यावर ताईंनी 'पण' लावला नाही. साहेबांनीही मुद्दा पुढं रेटला नाही. उलट चहा मागवला आणि चामड्याच्या पट्ट्याचा विषय स्वतःच काढला. ठाण्यात त्याला 'बाजीराव' म्हणतात. हातभर लांब, रुंद पट्टा, लाकडी मूठ. तळपायावर मारला की आवाज मोठा येतो, वळ लवकर दिसत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी माणूस टाचेवर चालतो. त्यांच्या पहिल्या ठाण्यात तो खुंटीला टांगलेला असायचा, सगळ्यांना दिसेल असा. त्यांनी वापरला का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

साहेब : आता ते राहिलेलं नाही. डी. के. बसू निकाल १९९६ चा. अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. कोठडीत मृत्यू झाला तर मॅजिस्ट्रेटची चौकशी. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ठाण्यात सगळीकडं कॅमेरे, चित्रीकरण १८ महिने जपायचं. नवीन पोरं घाबरतात हो मारायला.

ताई : कॅमेरा लागला, मार कॅमेऱ्याबाहेर गेला. गाडीत, शेतात, लॉजवर. अटक दाखवतात तिसऱ्या दिवशी. आणि तपासणी? डॉक्टर विचारतात, काही त्रास? मागं हवालदार उभा. मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांविरुद्ध तक्रार? तो मान हलवतो, नाही. कारण परत त्याच गाडीत बसायचंय. डिसेंबर २०२४, परभणी. वडार समाजातला मुलगा, कायद्याचा विद्यार्थी, म्हणजे उद्याचा माझा सहकारी. न्यायालयीन कोठडीत दगावला. सरकारनं विधिमंडळात सांगितलं, त्यानं मॅजिस्ट्रेटसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती, त्याला श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनात अनेक जखमा आणि त्यातून आलेला धक्का. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हे सांगायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला यावं लागलं.

मला इथं मिनियापोलिस आठवलं. २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलीस अधिकारी डेरेक शॉव्हिन नऊ मिनिटांहून अधिक गुडघा रोवून बसला, हे जगानं पाहिलं. पण तिथल्या पोलिसांच्या पहिल्या पत्रकात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. पोलिसांशी संपर्क आला असताना त्या माणसाला वैद्यकीय त्रास झाला आणि तो दगावला, असा मजकूर होता. फुटपाथवर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीनं मोबाइलवर सगळं टिपलं नसतं, तर नोंद तशीच राहिली असती. शॉव्हिनला पुढं साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. मी हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, 'छातीत दुखू लागल्याने रुग्णालयात हलविले.' स्टेशन डायरीतलं वाक्य त्यांना पाठ होतं.

ताई : १९९८ च्या जूनमध्ये बारामतीत पारधी मजूर कोठडीत मेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुरुलियात बुधन सबरही तसाच गेला. महाश्वेता देवी, गणेश देवी, आपले 'उचल्या'वाले लक्ष्मण गायकवाड यांनी तेव्हा देशभर फिरून विमुक्तांचा प्रश्न मांडला. मग रेणके आयोग झाला, इदाते आयोग झाला, दोन्हींचे अध्यक्ष मराठी. अहवाल आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावला, आणि विमुक्तांना मनमानी अटक करू नका असं पोलिसांनाही बजावलं. तुमच्या जुन्या ठाण्यात तो निकाल कुणी वाचलाय का, विचारा एकदा.

साहेब : परिपत्रक आलं असेल. फाइलला लागलं असेल. पण तुम्हाला सांगू, निकालानं बीट अंमलदार बदलत नाही. मीटिंगमध्ये 'उघड किती' याच्याऐवजी 'टिकले किती' असं विचारायला लागा. दुसऱ्या दिवसापासून लगडी बंद होतील.

ताई : हे तुम्ही नोकरीत असताना बोललात कधी?

साहेब : कुणापुढं बोलणार?

उठायची वेळ झाली होती. ताईंनी पिशवीतून एक फाइल काढली. एकोणीस वर्षांच्या पोराला चॅप्टर केसची नोटीस आली होती : चांगल्या वर्तणुकीचा बॉन्ड का घेऊ नये. पोरावर एकही गुन्हा नाही. नोटिशीसोबत जोडलेल्या अहवालात कारण लिहिलं होतं, वडील रेकॉर्डवरील गुन्हेगार. वडील म्हणजे लगडीच्या केसमधून सुटलेला तोच माणूस.

ताई : याच्या बापाचं नाव डायरीत कुणी चढवलं, साहेब?

साहेब : (चष्मा लावून) माझ्या काळातलं आहे.

ताई : निर्दोष सुटल्यावर काढायला नको होतं?

साहेब : काढायची पद्धत नाही. चढवायची आहे.

ताई : एवढंच तहसीलदारांपुढं येऊन सांगाल?

साहेब : खात्यातली माणसं आहेत, ताई. माझा पुतण्या आता त्याच ठाण्यात आहे.

ताई : म्हणजे नाही.

साहेब : आपणहून नाही येणार. समन्स काढा. आलं तर टाळणार नाही, आणि विचाराल तेवढं सांगेन.

ताई : पत्ता तोच का, कोर्टाच्या रेकॉर्डवरचा?

साहेब : तोच. पण पुतण्याकरवी पाठवू नका. पोस्टानं पाठवा.